तलवारींचे गाव ओसाफुने

गेल्या कार्तिकात आम्हांस जपानात जाण्याचा योग आला. आमचा भाचा तोक्यो शहराच्या पूर्वेकडील निशि-कसाई भागात नोकरीनिमित्त सहकुटुंब राहतो. त्या भागात हिंदी लोकांची वस्ती मोठी, त्यामुळे तुरीची डाळ व हिंग यांवाचून अडत नाही. परंतु भाच्याचा संसार पाहणे हे आमच्या प्रवासाचे अर्धेच कारण होते. उरलेले अर्धे कारण आमच्या पिशवीत वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये जपून ठेवलेल्या एका पातळ कागदात होते.

आमचे थोरले काका दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याच्या वैद्यकीय विभागात डॉक्टर होते. १९४५ साली ब्रह्मदेशात जपानी सैन्याने शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा ढिगाने गोळा झालेल्या तलवारींपैकी एक काकांच्या वाट्यास आली. तेव्हापासून ती आमच्या वाड्यात, माजघरातील शिसवी पेटीत होती. दर खंडेनवमीस ती बाहेर निघे. तीस हळदकुंकू, झेंडूचे फूल व नैवेद्य दाखवून पुन्हा पेटीत ठेवीत. काका सांगत की, तिच्या मुठीस एक कापडी पट्टी बांधलेली होती व तीवर शाईने काही अक्षरे लिहिलेली होती. पट्टी फार जीर्ण झाली, म्हणून काकूंनी एका वर्षी ती निर्माल्याबरोबर नदीत सोडली.

दोन वर्षांपूर्वी वाडा पाडावयाचे ठरले व वाटणीच्या याद्या झाल्या. समया, पातेली, बंब, जुनी घड्याळे, साऱ्यांची किंमत चार जणांनी बसून ठरविली. तलवारीची मात्र ठरेना. आमचे थोरले चुलत बंधू, ज्यांना सारे घर दादा म्हणते, त्यांचे म्हणणे ती चारपाचशे वर्षांची असून लाखो रुपयांची आहे. धाकट्यांचे म्हणणे, युद्धकाळी कारखान्यात हजारांनी काढलेल्या तलवारींपैकी ती एक असावी. मुंबईच्या एका दलालाने तर छायाचित्र पाहताच तोंडाला येईल तो आकडा सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या निम्मा. तेव्हा, "तू जपानात जातोच आहेस, तर लावून ये एकदाचा छडा," अशी दादांची आज्ञा झाली.

तलवार बरोबर नेणे सोपे नव्हते. जपानात तलवार उतरवावयाची, तर आधी जकात व पोलीस यांच्याकडे ती जाहीर करावी लागते, मग नोंदणीची परीक्षा होते. हातच्या जुन्या रीतीने घडविलेली असेल तरच तिची नोंद होते. कारखान्यातील लष्करी पाते ठरले, तर ते परत हाती येण्याची आशा सोडावी. ही नोंद, गंमत अशी की, मालकाची नसून तलवारीची असते. नोंदीचा कागद पात्याबरोबर हातोहात फिरतो. आपल्याकडील सात-बाराच्या उताऱ्यास सवकलेल्या माणसास हे नवल वाटते. असो. भाच्याने टपालाने सूचना धाडल्या, त्यांप्रमाणे आम्ही मूठ काढली, आतील पात्याच्या बुडख्यावर पातळ कागद ठेवला व वरून मऊ शिसपेन्सिल घासून ठसा घेतला. लहानपणी पैशावर कागद ठेवून राजाचे चित्र उठवीत असू, तसाच हा प्रकार. एका बाजूस सहा चिनी अक्षरे उमटली. शिवाय पात्याची सातआठ छायाचित्रे घेतली. हा मुठीआडचा बुडखा, ज्यास ते लोक नाकागो म्हणतात, त्याविषयी एक गोष्ट आम्ही त्या वेळी दादांपासून लपविली. ती पुढे ओघाने येईलच.

भाच्याच्या कचेरीतील एक वडीलधारे गृहस्थ तलवारींचे शौकीन निघाले. महिन्यातून एकदा त्यांच्या घरी पाचसहा समानशील मंडळी जमतात. तेथे आम्हांस आमंत्रण मिळाले. खोलीत तातामीच्या चटया, मध्ये पांढरे कापड, त्यावर पाच तलवारी ओळीने मांडलेल्या. कसलाही थाट नाही. म्यानेदेखील साध्या, बिनरोगणी मॅग्नोलियाच्या लाकडाची, कारण घरात ठेवावयाच्या पात्यास असेच म्यान मानवते. यजमानांनी प्रथम आमची अंगठी व घड्याळ काढून ठेवविले. तलवारीपुढे वाकून नमस्कार करावयाचा, धार वरच्या अंगास ठेवून म्यान एका दमात काढावयाचे, पात्यास बोट लावावयाचे नाही, खाली रेशमी रुमालाचा आधार द्यावयाचा, आणि पाते उघडे असता त्यावर बोलावयाचे नाही. श्वासाचा दमटपणा लागला तरी गंजाची बाधा होते. आमच्या आजीचे सोवळे आम्हांस आठवले. आजीच्या सोवळ्यास शास्त्राधार होता की नाही देव जाणे, येथे मात्र प्रत्येक नेमास पोलादाचा आधार आहे.

पात्यास गंज लागू नये म्हणून ते जे तेल लावतात, त्याचा वास येताच आम्ही चपापलो. तो लवंगेचा वास होता. हल्ली या तेलात खनिज तेलच अधिक असते, परंतु नाव व गंध लवंगेचाच राहिला आहे. चोजी म्हणजे लवंग. आणि थोड्याच वेळात कळले की, तलवारीवरही लवंगाच शोधावयाच्या असतात.

ही परीक्षा चालते ती अशी. पाचही पात्यांचे बुडखे झाकलेले असतात. प्रत्येकाने पाते पाहून, ते कोणत्या लोहाराचे असावे हे चिठ्ठीवर लिहून यजमानांकडे द्यावयाचे. नाव बरोबर आले तर उत्तर मिळते "आतारी", म्हणजे नेम लागला. त्याच घराण्यातील अगदी जवळच्या हाताचे नाव लिहिले तर "दोझेन", म्हणजे लागल्यासारखेच. काळ किंवा प्रांतच चुकला तर "इया", म्हणजे नव्हे. मग पुन्हा पाहावयाचे, पुन्हा लिहावयाचे.

प्रथम पाहावयाची ती तलवारीची आकृती. वाक मुठीजवळ खोल असेल, तर ती घोड्यावरून लढणाऱ्यांच्या काळची, म्हणजे सातआठशे वर्षांपूर्वीची. पाते फार लांब व रुंद असेल, तर चौदाव्या शतकातील. आखूड, एका हाती चालेल अशी असेल, तर पंधराव्या-सोळाव्या शतकात पायदळाच्या लढाया माजल्या तेव्हाची. जवळजवळ सरळ असेल, तर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, जेव्हा लढाया संपून आखाड्यातील तलवारबाजी उरली होती. एवढ्याने शतक हाती लागले की पात्याच्या अंगाचा पोत पाहावयाचा. पोलाद पुन:पुन्हा दुमडून ठोकलेले असल्याने त्यावर फळीवरच्यासारख्या रेषा दिसतात, आणि प्रांताप्रांताच्या रेषा वेगळ्या. शेवटी धारेलगतची पाण्याची रेघ. तलवारीस पाणी देताना लोहार पात्यावर मातीचा लेप देतो, धारेकडे पातळ, पाठीकडे जाड. तापवून पाण्यात बुडविली की धार कठीण होते, पाठ चिवट राहते, आणि दोहोंच्या सीमेवर पांढरट धुक्यासारखी रेघ उठते. कोणाची सरळ, कोणाची लाटांची. बिझेन प्रांताच्या जुन्या लोहारांची रेघ म्हणजे लवंगांचे घोस ओळीने मांडावेत तशी! आणि त्या लवंगांच्या वर, पात्याच्या अंगावर, आणखी एक फिकट छाया हलत असते. दिव्याखाली पाते किंचित कलते केले की ती दिसते, सरळ केले की नाहीशी होते. आम्हांस ती तिसऱ्या खेपेस दिसली, तेव्हा आम्ही आनंदाने ओरडणार होतो. पण पात्यावर बोलावयाचे नाही, हा नेम आठवला.

आम्हीही एक चिठ्ठी टाकली. उत्तर आले, "इया". मंडळी हसली, पण आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांसही "इया"च मिळाले होते. ते चाळीस वर्षे या छंदात आहेत असे कळल्यावर आम्हांस बरे वाटले.

झाकण काढून बुडखा पाहतात तो सर्वांत शेवटी. कारण नाव कोरणे हे काम सर्वांत सोपे. सतराव्या शतकात एदो नगरात कोतेत्सु नावाचा लोहार होता, मूळचा चिलखते करणारा. त्याच्या नावाच्या बनावट तलवारी इतक्या झाल्या की, कोतेत्सु दिसली म्हणजे आधी खोटीच समजावी, अशी तिकडे म्हण पडली आहे. उलट, कित्येक अस्सल तलवारींवर नावच नाही. पुढच्या पिढ्यांनी लांब तलवार आखूड करताना बुडख्याकडून कापली, त्याबरोबर नावही गेले. अशा निनावी पात्यांवर नाव ठरविण्याचे काम पिढ्यान्पिढ्या होन-आमी घराण्याकडे होते. तलवारीस झिलई देणे व तिची पारख करणे हा या घराण्याचा धंदा. प्रसिद्ध हस्ताक्षरकार व कलावंत होन-आमी कोएत्सु (१५५८ ते १६३७) याच कुळातला. हे लोक पारख करून दुमडलेल्या कागदावर प्रमाणपत्र लिहून देत, त्यात सुवर्णनाण्यांत किंमतही असे. दुमडलेला कागद म्हणजे ओरिगामी. आपली मुले ज्या नावाने कागदाचे पक्षी करतात, तेच हे नाव. आजही जपानीत खात्रीच्या मालास "ओरिगामी लागलेला" असे म्हणतात. १७१९ साली शोगुन योशिमुने याच्या आज्ञेवरून याच घराण्याने देशातील नामांकित तलवारींची यादी केली. त्या यादीत नाव असणे म्हणजे तलवारीचे कुलीनपण सिद्ध झाले.

दुसऱ्या दिवशी र्‍योगोकू भागातील तलवार संग्रहालय पाहिले. कुस्त्यांच्या मोठ्या आखाड्यापासून जवळच, एका जुन्या बागेत ही इमारत २०१८ साली उघडली. ती चालविणारी संस्था १९४८ ची. तिच्या जन्माची हकीकत तलवारींपेक्षा कमी धारदार नाही. १९४५ साली जपान हरल्यावर अमेरिकन सैन्याने घरोघरच्या तलवारी जमा करण्याचा हुकूम काढला. शेकडो वर्षांची पाती पोलीस चौक्यांत येऊन पडली. काही वितळविली गेली, काही समुद्रात गेली, काही सैनिकांच्या पेट्यांतून परदेशी गेली. होन्मा व सातो या दोन जाणत्यांनी कॅडवेल नावाच्या एका अमेरिकन कर्नलास गाठून, ही नुसती शस्त्रे नसून कलाकृती आहेत हे पटविले, तेव्हा उरलेल्यांस अभय मिळाले. पण सर्वांस नव्हे. तोकुगावा घराण्याची होन्जो मासामुने ही तलवार, जी देशाचा ठेवा म्हणून १९३९ साली नोंदली गेली होती, ती घराण्याच्या प्रमुखांनी डिसेंबर १९४५ मध्ये मेजिरो येथील पोलीस चौकीत स्वहस्ते नेऊन दिली. पुढे ती एका परदेशी सैनिकाच्या ताब्यात गेली, आणि आजतागायत तिचा पत्ता नाही. हे वाचीत असता आम्हांस आमची शिसवी पेटी आठवली व जरा अवघडल्यासारखे झाले.

त्या संध्याकाळी यजमानांपुढे आमचा कागद उलगडला. त्यांनी चष्मा पुसला व सहा अक्षरे वाचली: "बिशू ओसाफुने सुकेसादा". बिशू म्हणजे बिझेन प्रांत, ओसाफुने हे गाव, सुकेसादा हे लोहाराचे नाव. आम्हांस हर्ष झाला. दादांचे म्हणणे खरे ठरते की काय! परंतु यजमानांच्या मुद्रेवर तो हर्ष दिसेना. ते म्हणाले, "गावी जा. तेथे झिलईदार बसतात, त्यांना दाखवा. मी कागदावरून बोलत नाही."

तोक्योहून ओकायामा सव्वातीन तासांच्या आत येते. तेथून आको मार्गाची लहान गाडी पकडली. दुतर्फा कापणी झालेली भातखाचरे, कौलारू घरे, दारात केशरी फळांनी वाकलेली झाडे. अर्ध्या तासात ओसाफुने स्टेशन आले. आमच्याबरोबर उतरले ते दोन शाळकरी मुलगे व एक आजीबाई. तलवारींचे एवढे नाव ज्या गावाच्या माथी, तेथे काही तटबुरूज असतील अशी आमची कल्पना होती. तसे काहीच नाही. योशिई नदीचे रुंद पात्र, पलीकडे डोंगर, आणि मोटारीने थोडक्या अंतरावर संग्रहालय, बस्स.

परंतु लोहारांस हेच हवे होते. वरच्या डोंगरांतून येणारे वाळूतील लोखंड, कोळशास लाकूड, मालाच्या ने-आणीस नदी व जवळूनच जाणारा पश्चिमेचा राजमार्ग. तेराव्या शतकापासून येथे व शेजारच्या फुकुओका गावी एवढ्या तलवारी घडल्या की, आजही जपानच्या राष्ट्रीय ठेव्यात नोंदलेल्या पात्यांत सर्वांत मोठा वाटा बिझेनचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस याच नदीला महापूर आला व ओसाफुनेच्या भट्ट्या वाहून गेल्या. ज्या नदीने धंदा वाढविला, तिनेच तो बुडविला.

या गावचे सध्याचे भूषण म्हणजे सान्चोमो ही तलवार. पाण्याची रेघ रानकोंबड्याच्या जातीच्या एका पक्ष्याच्या पिसांसारखी दिसते, म्हणून हे नाव. ती एके काळी उएसुगी घराण्याकडे होती. चाळीस हजारही वस्ती नसलेल्या सेतोउचि नगराने देशभरातून वर्गणी जमवून २०२० साली ती पन्नास कोटी येनांस विकत घेतली व माहेरी आणली. ती ठराविक दिवसांतच दाखवितात आणि ते दिवस आमच्या वाट्यास आले नाहीत, ही हळहळ राहिली. परंतु तिच्याविषयी एक गोष्ट कळली, तिने हळहळीपेक्षा अधिक विचारात पाडले. त्या पन्नास कोटींच्या तलवारीवर कोणाचेही नाव कोरलेले नाही.

बाजूच्या भट्टीत लोहार काम करीत होते. परवान्याचा लोहार होण्यास निदान पाच वर्षे गुरुगृही काढावी लागतात, आणि परवाना मिळाल्यावरही लांब तलवारी महिन्यास दोनच घडविण्याची मुभा असते. पोलाद येते ते शिमाने प्रांतातील डोंगरातून, जेथे हिवाळ्यात मातीची भट्टी तीन दिवस तीन रात्री पेटती ठेवून लोखंडाची वाळू वितळवितात. ठिणग्यांची शोभा पुष्कळ वर्णिता येईल, पण आमचे लक्ष पलीकडच्या खोलीत होते.

तेथे झिलईदार बसले होते, आपल्या शिकलगाराचे जपानी भाऊबंद. बुटक्या तिपाईवर बसून, पायाने दगड दाबून धरून, ओल्या दगडावर पाते अंगुळ-अंगुळ पुढे सरकवीत. दगड एकाहून एक मऊ, शेवटचे तर नखाएवढे पातळ तुकडे अंगठ्याखाली धरून फिरवितात. एका तलवारीस कित्येक दिवस लागतात. त्यांचे हात धुऊन होईतो आम्ही थांबलो. मग भाच्याने आमची ओळख करून दिली व कागद पुढे ठेवला.

त्यांनी कागद बराच वेळ पाहिला. मग सांगितले ते असे. सुकेसादा नावाचा एक लोहार नव्हता, डझनावारी होते. यादवी युद्धांच्या काळी तलवारींस मागणी एवढी की, घाऊक काम निघे. जी तलवार मागणीवरून, मन लावून घडविली, तिच्यावर लोहार आपले पूर्ण नाव, किताब व मिती कोरी. घाऊक पात्यांवर मात्र ही सहा अक्षरांची तोकडी सही असे. त्याशिवाय मागाहून कोणी खोटी कोरलेली असणेही शक्य. छायाचित्रांत पाण्याची रेघ सारखी नाही, हाताने पाणी दिल्यासारखी वाटते, म्हणजे लष्करी कारखान्याची नसावी. पुष्कळ अधिकारी घरची जुनी पाती लष्करी मुठीत बसवून लढाईवर नेत. तेव्हा ही जुनी असू शकेल. याहून पुढे ते जाईनात.

मग त्यांनी ठशावर एके ठिकाणी बोट ठेवले व काहीतरी विचारले. भाचा गप्प राहिला.

"काय म्हणतात?" आम्ही विचारले.

"मामा, ते विचारतात, बुडख्यावरचा गंज कोणी काढला?"

हीच ती लपविलेली गोष्ट. आम्ही अकरा वर्षांचे असता, एका खंडेनवमीच्या आदल्या दुपारी, सारे निजलेले पाहून तलवार खोलली होती. मुठीतील बांबूची खुंटी आमच्या हातून मोडली. आतला बुडखा काळाकुट्ट, खरखरीत. पूजेची वस्तू अशी मळकी कशी, म्हणून आम्ही तो चिंचेने घासला, राखेने घासला, आणि शेवटी सुताराच्या काचकागदाने लखलखीत केला. खुंटीच्या जागी एक लोखंडी खिळा ठोकला. मोठ्या माणसांस पत्ता लागला नाही. आमचे पुण्यकर्म म्हणून आम्ही मनात ते जपले होते!

आता कळले की, त्या काळ्या गंजावर हात चालवावयाचा नसतो, ही या विद्येतील पहिली आज्ञा आहे. पात्याचे वय गंजाच्या रंगात व खोलीत असते. अक्षरांच्या खाचेत तोच गंज असेल, तर सही पात्याएवढीच जुनी. नसेल, तर मागाहूनची. आमच्या काचकागदाने साक्षीदाराचीच जीभ कापली होती. आम्ही भाच्यास सांगितले, "मी काढला म्हणून सांग." त्याने सांगितले. झिलईदार रागावले नाहीत. त्यांनी नुसती मान हलविली व दुसरा प्रश्न केला. तलवारीबरोबर एखादी चिठ्ठी होती काय? शस्त्रे खाली ठेवताना पुष्कळांनी मुठीस आपले नाव-गाव बांधून ठेवले होते, या आशेने की कधीतरी परत येईल. तशा चिठ्ठीवरून काही तलवारी घरी आल्याही आहेत.

काकूंनी नदीत सोडलेल्या पट्टीची हकीकत आम्ही सांगितली. ती भाषांतरित करताना भाच्याचा आवाज खाली आला.

किमतीचे विचारणे त्या वेळी जिवावर आले होते, पण दादांची आज्ञा होती. ते म्हणाले, तलवार हाती घेतल्यावाचून आकडा सांगणारा माणूस एक तर मूर्ख, नाही तर व्यापारी. ती घाऊकपैकी असेल, तर झिलईचा खर्चच तिच्या किमतीहून अधिक होईल. चांगली निघाली, तर गोष्ट वेगळी. तोवर बुडख्यास काही लावू नये, नवा गंज आपोआप धरू द्यावा. पात्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा. आणि तो खिळा आजच्या आज काढावा. असे म्हणून त्यांनी खणातून धुराने तांबूस झालेल्या जुन्या बांबूची एक खुंटी काढली, चाकूने तासली, आमच्या ठशावरील भोकावर धरून पाहिली, पुन्हा तासली, आणि कागदात गुंडाळून दिली. पैसे घेतले नाहीत.

घरी परतल्यावर आम्ही दादांपुढे सारे कबूल केले. दादा एकाहत्तर सालापासूनच्या त्या खिळ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आणि मी इतकी वर्षे समजत होतो, तो खिळा त्या जपान्यानेच मारला असेल." आम्ही दोघांनी मिळून खिळा काढला व खुंटी बसविली. ती थोडी घट्ट होती, पण बसली. पात्यास तेल लावले. खोलीभर लवंगेचा वास सुटला, तेव्हा आतून सूनबाईंनी विचारले की, मसालेभात कोण करते आहे?

यादी अजून अपुरी होती. दादांनी लेखणी उचलली, "जपानी तलवार, एक" या शब्दांपुढची किमतीची जागा कोरी ठेवली, आणि खालच्या ओळीतील तांब्याच्या बंबाकडे वळले.